नऊ नंबरची होडी

सुट्टीला गेलेल्या गावात, जो तुम्हाला जेवण वाढत नव्हता, तुमची गाडी चालवत नव्हता आणि खोलीची किल्लीही देत नव्हता, अशा माणसाशी तुम्ही शेवटचं पाच मिनिटं कधी बोललात?

यंदाच्या पाडव्यापर्यंत मलाही याचं उत्तर देता आलं नसतं. मी तुर्भ्याला राहते. बाबा बाजारात माथाडी कामगार आहेत. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि युनियनची पत्रकं जास्त. अक्षरं जुळवायला मी त्यांवरच शिकले. त्यामुळे पर्यटन, निसर्गरम्य, मनःशांती असले शब्द दिसले की मी पुढची ओळ संशयानेच वाचते. बाबांच्या टोळीतले शंकरकाका मात्र दोन वर्षं मागे लागले होते, "आमच्या गावचं तळं एकदा बघून ये. सारखं काय तावातावानं लिहीत बसतेस." शेवटी गेले.

गाव सातारा जिल्ह्यात घाटमाथ्यावर आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनीच नको म्हणून सांगितलंय, आणि त्यांना न विचारता मी एकदा लिहून बसले आहे.

पाडव्याच्या दोन दिवस आधी

तळं लांबट आहे, दोन डोंगरांच्या मधे अडकलेलं. एका टोकाला गाव: बाजाराची एक गल्ली, देऊळ, शाळा, होड्यांचा घाट. दुसऱ्या टोकाला तंबू, झोपाळे आणि 'वसंतोत्सव' असं लिहिलेली कमान. मार्च असून हवेत गारवा होता. डोंगर वाळलेले, तपकिरी. पण अंजनीच्या झाडांना खोडापासून फांदीपर्यंत जांभळी फुलं लगडली होती. पानं कुठे आणि फूल कुठे हे ओळखू येत नव्हतं. आमच्याकडे असं झाड रस्त्याच्या दुभाजकात लावलं असतं आणि खाली नगरसेवकाच्या नावाची पाटी लावली असती.

कमानीवर कार्यक्रमांची यादी होती: सायकल शर्यत, पतंग, पक्षीनिरीक्षण, कायाक, डोंगरफेरी. गावातली माणसं यादीत कुठे नव्हती. ती कणसं भाजत होती, घोडे धरून उभी होती, तंबूंच्या दोऱ्या ताणत होती.

मी उतरले ते शंकरकाकांच्या भावजयीकडे, मंदाकाकींकडे. वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलणं कमी, हात सतत चालू. दोन वर्षांपूर्वी त्यांचा नवरा आजारपणात गेला. तो तळ्यावर होडी चालवायचा. मी पोहोचले तेव्हा काकी घाटाच्या वरच्या अंगाला, जमिनीवर ओढून ठेवलेल्या त्या होडीला डांबर लावत होत्या.

"बस की. पर त्या फळीला टेकू नको, वली हाय."

लाकूड वाळून सांधे उघडे पडले होते, म्हणून त्यांनी आठ दिवस होडीत पाणी भरून ठेवलं होतं. फळ्या फुगल्या, सांधे बसले, मग पाणी उपसलं आणि डांबर सुरू केलं. इंजिन त्यांनी स्वतःच खोलून साफ केलं होतं. होडी चालवण्याचा परवाना काढला होता. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवला होता.

संध्याकाळी नाचणीची भाकरी आणि तळ्यातल्या माशाचं कालवण जेवताना त्यांनी घाटाची पद्धत सांगितली. इथे होड्या पाळीने सुटतात. पहिलीत माणसं भरली की ती जाते, मग दुसरी, मग तिसरी. शेवटची गेली की पुन्हा पहिली. कुणी गिऱ्हाइकाला हाका मारायच्या नाहीत, कुणी मधे घुसायचं नाही. मला हे ओळखीचं वाटलं. बाजारात गाडी लागली की टोळ्यांची पाळीही अशीच ठरते, आणि पाळी मोडणाऱ्याशी बाबा महिना-महिना बोलत नाहीत.

वर्षाची पाळी पाडव्याला ठरते. सकाळी सगळ्या होड्या गुढ्या उभारून घाटाला पाण्यात उभ्या राहतात. जितक्या होड्या पाण्यात, तितक्या चिठ्ठ्या परडीत. ज्याच्या हाताला जो आकडा येईल तो त्याचा नंबर. कितवा आला याला फार अर्थ नाही, चक्र फिरतंच. यादीत असण्याला अर्थ आहे.

"आणि होडी पाण्यात नसली तर?"

"एक पाडवा चुकला तर चालतंय. दोन बी चालत्यात. तिसऱ्याला नंबर मोडला. मग ती होडी घाटाची न्हाय."

हा तिसरा पाडवा होता.

आदला दिवस

सकाळी मी पक्षी बघायला जाणाऱ्या घोळक्यात घुसले. ठाण्याचे एक काका दुर्बिणीतून अर्धा तास एकाच झाडाकडे बघत होते. शेवटी त्यांनी जाहीर केलं की तिथे काहीच नाही, आणि ते खूश दिसत होते. परतताना एका बाईने पानावर करवंदीची पांढरी फुलं घालून विकायला ठेवली होती. फुलं विकतात हे मी समजू शकते. पण करवंदं लागायच्या आधीच झुडूप ओरबाडायचं, कारण शहरातल्यांना वास आवडतो, याचा मला राग आला. बाईला माझा राग आला. "घ्यायचं असंल तर घे, न्हाईतर व्हय बाजूला."

मग कायाक. आमच्याकडे पाणी म्हणजे कुंपण आणि 'आत उतरू नये'ची पाटी. खाडी तर फक्त पुलावरून बघायची. त्यामुळे प्लॅस्टिकच्या त्या लांब भोपळ्यात बसून वल्हं हातात आल्यावर मला भलताच उत्साह आला. पन्नास हात गेले, वळायला गेले आणि उलटी झाले. जॅकेट होतं म्हणून तरंगत राहिले. उत्सवाचा जीवरक्षक फोनवर होता. मला बाहेर काढलं एका रिकाम्या होडीतून जाणाऱ्या साठीच्या माणसाने. त्याने मला बखोटीला धरून होडीत घेतलं, पोत्यासारखं.

"पवायला येतं का?"

"शिकले होते."

"कवा, स्वप्नात?"

हे बबनआप्पा, घाटावरच्या होडीवाल्यांचे पुढारी. ओल्या कपड्यांनी कुडकुडत मी त्यांना मंदाकाकींच्या होडीविषयी विचारलं.

"तिला कोण नको म्हणतंय? पर पब्लिक बसत न्हाय, पोरी. पल्याडच्या तळ्यावर एक बाई होती. बाई बघितली की पब्लिक उतरायचं. न्हाय बसलं की पाळी वाया जाते. मागचा बोंबलतो, पुढचा बोंबलतो. तीनदा पब्लिक उतरलं की त्या दिवशीचा नंबर गेला, असा नियमच हाय आमचा. रोजच गेला तर काय करायचं?"

"म्हणजे लोकांच्या चुकीची शिक्षा काकींना?"

"मी शिक्षा कुठं म्हणलं? तिनं होडी भाड्यानं द्यावी एखाद्याला. घरात बसून खावं."

घरात बसून खावं. माझं त्यापुढे ऐकणं बंद झालं. कपडे बदलले, वहीची पानं फाडली आणि तासाभरात पत्रक तयार. मथळा 'घाट कुणाचा?' मजकुरात मक्तेदारी होती, पुरुषी मुजोरी होती, तीन उद्गारचिन्हं होती. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याने प्रती काढता काढता वाचलं आणि विचारलं, "ताई, आप्पांना दाखवलंय का?" मी म्हटलं, दाखवायलाच तर लावते आहे. दुपारी चारपर्यंत घाटाचा खांब, चहाची टपरी, देवळाची भिंत, तिन्ही ठिकाणी ते लागलं होतं. मला फार बरं वाटत होतं.

काकींनी ते टपरीवर वाचलं. घरी आल्या आणि पाटावर बसून राहिल्या. पहिल्यांदाच त्यांचे हात रिकामे दिसले.

"माझ्या नावानं लिवायला तुला कुणी सांगितलं?"

"काकी, कुणीतरी बोलायला नको का?"

"मी बोलणारच हुते. उद्या."

मग कळलं. जमिनीवरची होडी पाण्यात घालायला दहा माणसं लागतात. या घाटावर होडी ढकलायला कुणी हाक मारली, तर भांडण असो, वैर असो, ज्याला ऐकू गेली तो येतोच. नाही म्हणायची रीतच नाही. काकी पाडव्याला सकाळी, सगळे होडीवाले घाटावर असताना, हाक मारणार होत्या. होडी पाण्यात आली की चिठ्ठी आपोआप आली. त्यात कुणाला विचारायचं नव्हतं, कुणाशी वाद घालायचा नव्हता.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? समद्यांना ठावं हाय." त्या उठल्या. "आता हाक मारली तर त्यांना वाटंल, ही पत्रकावरनं बोलावतीय. आलो म्हंजी चुकलो असं कबूल केलं. कोण येतंय मग?"

थोड्या वेळाने शेजारणीने निरोप आणलाच: होडीवाले उद्या आपापल्या होड्या पहाटेच लावून ठेवणार आणि चिठ्ठ्यांच्या वेळेपर्यंत टपरीवर बसणार. टपरी काकींच्या होडीपासून लांब नाही, पण तिथे रेडिओ मोठ्याने लावता येतो.

मी उलथनं आणि पाण्याची बादली घेऊन पत्रकं खरवडायला गेले. खळ मी चांगलीच घट्ट केली होती. देवळाच्या भिंतीशी असताना आप्पा येऊन मागे उभे राहिले.

"लावताना हात बरा चालत हुता."

"माझं चुकलं, आप्पा. काकींना यातलं काही माहीत नव्हतं."

"ते कळलं मला. तिला तीन उद्गार कुठनं येणार." त्यांनी अर्धवट निघालेला कागद बोटाने दाबून पुन्हा वाचला. "लिवलंयस चांगलं. पर समदा जाबच हाय यात. आम्ही करायचं काय, ते कुठं लिवलंय?"

मी भिंतीकडे तोंड करून खरवडत राहिले. लहानपणापासून वाचलेल्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी काम सांगितलेलं असायचं: अमुक वाजता जमा, तमुक सही करा, गाडी खाली करू नका. मी ते विसरले होते, कारण मी ते पत्रक होडीवाल्यांसाठी लिहिलंच नव्हतं. माझ्यासाठी लिहिलं होतं.

पाडवा

घाट सकाळी खरंच देखणा होता. होड्या ओळीने उभ्या, प्रत्येकीच्या टोकाला बांबू, त्यावर कोरं खणाचं कापड, कडुलिंबाची डहाळी, साखरेची गाठी, वर पालथा तांब्या. वाऱ्याने कापडं एकाच बाजूला उडत होती. पर्यटक फोटो काढत होते. काकींची होडी तेवढी वर, कोरड्यावर, डांबराने काळी कुळकुळीत. तिच्यातही गुढी उभी होती.

काकी नऊवारी कासोट्याने नेसल्या होत्या. होडीच्या तोंडावर डावा हात ठेवला आणि त्यांनी हाक मारली.

"हात द्या होऽ!"

टपरीवर दहा-बाराजण पाठमोरे बसले होते. रेडिओ चालू होता. कुणी वळलं नाही.

"हात द्या होऽऽ!"

आता पर्यटक बघायला लागले. एकाने मोबाइल वर धरला. काकी तिसरी हाक मारेनात. मला कळलं की तिसरी हाक रिकामी गेली तर पुढे काही उरत नाही, म्हणून त्या ती मारत नाहीत. त्यांचा हात होडीवर तसाच होता.

मी जाऊन होडीला खांदा लावला. बाबांना पोत्याला पाठ लावताना हजारदा बघितलं आहे. वाटलं, तसंच असेल. पाय रोवले, जोर लावला, खालची माती ओली होती, आणि मी तोंडावर आपटले. उठले, पुन्हा लावला, पुन्हा घसरले. दुसऱ्यांदा डांबर गालाला लागलं.

टपरीवर कुणीतरी फसकन हसलं.

"अगं ए पत्रकवाली! होडी हाय ती, भिंत न्हाय!"

"खांदा नगं लावू, कंबर लाव कंबर!"

"ती कसली लावतीय, काल तळ्यात बी उलटीच हुती!"

सगळे हसत होते आणि हसताना वळले होते. वळल्यावर त्यांना काकी दिसल्या. हसणं थांबलं. तिसरी हाक काकींनी अगदी साध्या आवाजात मारली, सूर न लांबवता.

"हात द्या हो."

बबनआप्पांनी बशीतला चहा संपवला, बशी कपावर पालथी घातली, पायजमा गुडघ्यापर्यंत वर खोचला. "ऐकून बसलो तर उद्या माझी होडी कोण ढकलंल?" असं कुणाकडेच न बघता म्हणत ते आले. त्यांच्यामागे बाकीचे. मला एकाने हाताला धरून बाजूला केलं. आप्पांनी आवाज दिला, सगळ्यांनी एकदम श्वास सोडला आणि जी होडी माझ्याने बोटभर हलली नव्हती ती चार दमांत पाण्यात गेली. सांध्यांतून थोडं पाणी आलं, मग थांबलं. काकी उडी मारून आत गेल्या आणि ओळीत जाऊन उभ्या राहिल्या. कुणी अभिनंदन वगैरे केलं नाही. आप्पा ओला पायजमा पिळत माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणाले, "तोंड धू. रॉकेल लाव, साध्या पाण्यानं जात न्हाय ते."

चिठ्ठ्या निघाल्या. मंदाकाकींना नऊ आला. मग सगळ्यांनी कडुलिंब आणि गूळ खाल्ला. आमच्या सोसायटीत तो चमच्याच्या टोकावर देतात. इथे मूठभर देतात आणि चावून होईपर्यंत समोर उभे राहतात.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती.

दुपारी नऊचा नंबर लागला. ऐरोलीहून आलेलं एक कुटुंब होतं, नवरा, बायको, दोन मुलं, आजी. बोलणं ऐकून मला घरचंच कुणी भेटल्यासारखं वाटलं. मुलं होडीत चढली. मग नवऱ्याने सुकाणूकडे बघितलं.

"लेडीज चालवनार? दादा, दुसरी बोट नाय का?"

"पाळी हिचीच हाय, साहेब," आप्पा म्हणाले. "परवाना हाय तिच्याकडं."

"नाय हो, तसं नाय. लहान पोरं हायेत, उगाच टेन्शन नको. आमी थांबतो पुढच्याला."

बायको हळूच म्हणाली, "बसू या ना, काय होतंय," पण ती मुलांना उतरवतच होती. काकींनी धाकट्याचा हात धरून त्याला नीट फळीवर उतरवलं.

दुसरे, महाप्याच्या कंपनीतली पाच मुलं-मुली. त्यांनी काकींसोबत सेल्फी काढला, "मॅम, यू आर सुपर" म्हणाले आणि दहा नंबरच्या होडीत बसले, कारण ती रंगाने छान होती आणि 'फोटोत चांगली येते'. पाळीचा नियम होडीवाल्यांना होता, गिऱ्हाइकाला थांबवणारा नियम नव्हता. उतरून गेलेल्या कुटुंबाइतकंही ते वाईट वागले नव्हते, हेच मला जास्त लागलं.

न बसणंही उतरण्यातच धरतात, म्हणजे दोन झाले. तिसऱ्याला त्या दिवसाचा नंबर जाणार होता. मी पुढे झाले तर आप्पांनी हात आडवा धरला. "तू घरची. घरचं माणूस पब्लिक न्हाय." तेही नियमातच होतं, आणि नियम बरोबर होता; नाहीतर प्रत्येकाने आपले पाहुणे भरले असते.

मग पनवेलकडचं एक वयस्कर जोडपं आलं. चाचा पांढऱ्या दाढीचे, खाली बघून जपून चालणारे. बाई पुढे. त्यांनी सुकाणूवर कोण आहे हे बघितलंच नाही. होडीत पाय ठेवण्याआधी वाकून तळाशी बघितलं.

"डांबर नवीन दिसतंय."

"परवाच लावलंय," काकी म्हणाल्या.

"पाणी किती घेते?"

"सकाळी थोडं घेतलं. आता न्हाय."

"खरं बोललात." बाई फळीवर बसल्या. "आमच्या खाडीत मी शाळेला होडीनेच जायची. या हो तुम्ही, बसा. काय झालं?"

चाचा अजून घाटावरच होते. "बाई हाय गं चालवायला," ते हळू म्हणाले.

"मग? घरी तरी काय वेगळं हाय?"

घाटावर पुन्हा हशा झाला. चाचा बसले. काकींनी इंजिनची दोरी ओढली, दुसऱ्या ओढीला ते लागलं आणि होडी अंजनीच्या काठाने निघाली. बबनआप्पांनी घाटावरच्या पाळीच्या फळ्यावर नऊ पुढे खडूने रेघ मारली.

मी आणखी दोन दिवस राहिले. डोंगरावर चढले, पायाला फोड आणले, मीठ लावून स्ट्रॉबेऱ्या खाल्ल्या. कायाकमध्ये पुन्हा बसले नाही. त्या दोन दिवसांत काकींचा नंबर रोज लागला. एक दिवस माणसं बसली. दुसऱ्या दिवशी तीनदा उतरली, आणि काकींनी होडी बाजूला घेऊन दोरी बांधली, फळी पुसली आणि घरी येऊन भाकऱ्या थापल्या. नंबर आता यादीत आहे, तो कुणी मोडू शकत नाही. आत बसायचं की नाही हे मात्र घाट ठरवत नाही. ते आपण ठरवतो, आपण म्हणजे शुक्रवारी रात्री बॅगा भरून निघणारे.

म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलं आहे, होडीवाल्यांसाठी नाही. या उन्हाळ्यात कुठल्याही तळ्यावर जाल तेव्हा जिची पाळी असेल त्या होडीत बसा. परवाना बघायचा तर जरूर बघा, जॅकेट मागा, तळाला पाणी आहे का विचारा. उत्तरं नीट मिळाली तर बसून राहा. सुकाणूवर बाई आहे म्हणून उतरू नका, आणि तुमच्यातलं कुणी उतरायला लागलं तर त्याचा हात धरून त्याला खाली बसवा.